दुखवट्याचं घर कसं सांभाळावं: आमच्या घरातल्या माणसांवरून

अण्णांचा बारावा दिवस होता. घर पाहुण्यांनी भरलेलं, दुसऱ्या दिवशी तेरावा, भटजींनी दिलेली सामानाची यादी माझ्या हातात, आणि माझा धाकटा भाऊ ओसरीवर जुने पेपर पसरून अण्णांची चेतक खोलून बसलेला. हात कोपरापर्यंत काळे. मी त्याला सगळ्यांदेखत म्हणाले, "बाप गेलाय आपला आणि तू नटबोल्ट धुतोयस? तुला काहीच कसं वाटत नाही रे?" त्यानं मान वर केली नाही. हातातला प्लग चिंधीनं पुसत राहिला. त्यानंतर दिवाळीपर्यंत आमचं धड बोलणं नव्हतं.

त्या एका वाक्यापायी हे लिहितेय. मी कराडजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. समुपदेशक नाही, डॉक्टर नाही. पण ऑगस्ट २०२२ मध्ये, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी अण्णा गेले आणि पुढचं वर्षभर एका घरात सहा माणसं सहा तऱ्हांनी दुःख करताना मी पाहिली. काही ठिकाणी मी चुकले. आता शाळेतल्या सहकारी बाया विचारतात, "आमच्या सासूबाई रडतच नाहीत, काय करू?" किंवा "नवरा आईचं नावच काढू देत नाही." त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर सांगते.

पाच टप्प्यांचं चित्र बाजूला ठेवा

कुणी गेलं की हल्ली मोबाइलवर एक चित्र येतं: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी हे टप्पे १९६९ मध्ये मांडले. पण ज्या रुग्णांशी बोलून त्यांनी ते मांडले, ते स्वतः मरणाच्या दारात होते. मागे राहिलेल्या माणसांना ते नंतर लावले गेले. मी ते चित्र डोक्यात घेऊन आईकडे बघत होते. हा नकार चाललाय, आता राग येईल, मग एकदा रडली की सुटेल. आईला राग आलाच नाही. आणि ती "सुटली" असं कधी वाटलं, की दुसऱ्या दिवशी ती अण्णांचा टॉवेल पुन्हा धुऊन वाळत घालायची.

नेदरलँड्सच्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये जे मांडलं, ते मला आमच्या घराला जास्त लागू पडलेलं दिसलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माणूस दोन गोष्टींच्या मध्ये हेलकावे खात असतो: एकीकडे गेलेल्याची आठवण, दुसरीकडे पुढची कामं. सकाळी धाय मोकलून रडलेली बाई दुपारी दूधवाल्याचा हिशेब चोख करते. दोन्ही खरं असतं. तेव्हा कुणी हसलं, टीव्हीवर मॅच बघितली, चवीनं जेवलं, म्हणून "विसरला इतक्यात" म्हणू नका. आणि चार महिन्यांनी कुणी अचानक कोलमडलं, तर "अजून?" असं विचारू नका.

जे हातानं दुःख करतात त्यांना

भावाचं सांगते. दिवाळीला तो आला. आमच्याकडे सण नव्हता, फराळाचे डबे शेजारून आले होते. रात्री गच्चीवर बसलो असताना तोच बोलायला लागला. "ताई, हात थांबले की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. चौथीत असताना अण्णांनी मला त्या गाडीचा प्लग काढायला शिकवलं होतं. तेवढं एकच काम मला त्यांच्याबरोबर करता येत होतं." मग म्हणाला, दर रविवारी कराडहून पुण्याला परत जाताना खंबाटकीच्या बोगद्यात गाडी शिरली की तो काचा वर करून जोरजोरात ओरडायचा. बोगदा संपला की गप्प. वहिनीलाही हे माहीत नव्हतं.

टेरी मार्टिन आणि केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकांनी लिहिलंय की काही जण दुःख भावनेतून वाहू देतात, काही जण ते कामातून आणि विचारातून वाहतात, आणि बहुतेकांत दोन्हींची मिसळ असते. हे बाई-पुरुषावर ठरत नाही. तेरा दिवस हातात यादी घेऊन फिरणारी मीच होते, आणि भावाला बोल लावत होते.

अशा माणसाला काम काढून घेऊन "जरा बस, मन मोकळं कर" म्हणू नका. समोर बसवून प्रश्न विचारलेत तर तो उठून जाईल. शेजारी बसा, कामाबद्दल विचारा. "हा प्लग कुठे मिळतो रे अजून?" एवढं मी त्या दिवशी विचारलं असतं तर अण्णांची सगळी गोष्ट माझ्यासमोर उलगडली असती. गाडीत, चालताना, भांडी विसळताना अशी माणसं बोलतात, कारण समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागत नाही. कामं तर पडलेलीच असतात. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते, दाखल्याच्या आठ-दहा प्रती लागतात, बँक, पेन्शन, लाइट बिलावरचं नाव. हे काम त्यांच्या हाती द्या आणि झाल्यावर "तू होतास म्हणून झालं" हे तोंडानं म्हणा.

एक जपा मात्र. बाराव्याच्याच संध्याकाळी भावानं गाडी जोडली. बरेच दिवस उभी असलेली चेतक आधी एका अंगाला कलती करायची आणि मग किक मारायची, हे अण्णांचं रोजचं. त्यानं तसंच केलं. तिसऱ्या किकेला गाडी फटफटली. माजघरात बसलेली आई तो आवाज ऐकून उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. भावाला ज्या आवाजानं बरं वाटलं, त्याच आवाजानं आईला धस्स झालं. दोघांचंही काही चुकलं नव्हतं. "आई, गाडी चालू करून बघतोय" एवढं आधी सांगायला हवं होतं. कपडे, खुर्ची, मोबाइलमधला आवाज, काहीही हलवण्याआधी घरातल्या बाकीच्यांना असंच सांगावं.

जे गळा काढून रडतात त्यांना

आत्या माण तालुक्यातल्या गावाहून आली, ती गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढत. "माझ्या दादा रं, मला टाकून कुठं गेलास रं..." वहिनी पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, ती घाबरलीच. मला कानात म्हणाली, "किती नाटक!" मलाही आतून तसंच वाटत होतं, हे कबूल करते. आणि आत्यानं तासाभरानं तोंड धुतलं, शेजारून आलेली पिठलं-भाकरी पोटभर खाल्ली आणि म्हैस किती दूध देते ते विचारलं. मग तर आमची खात्रीच पटली.

पण आत्या काय म्हणत होती ते तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर मी पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. ती सूर धरून हकीकत सांगत होती. "नव्या पायताणाचं पैसं माझ्या लुगड्याला दिलंस रं दादा, अनवाणी शाळंला गेलास रं..." सत्तेचाळीस वर्षांची मी, अण्णा अनवाणी शाळेत गेले होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आत्याच्या पिढीतल्या बायकांनी हे रडणं आई-आजीकडून उचललेलं असतं. त्यात माणसाचं अख्खं चरित्र येतं. ते एकदा सांगून झालं की तेवढ्यापुरतं ओझं उतरतं, म्हणून त्या नंतर जेवू शकतात.

तेव्हा अशा माणसाला "शांत व्हा, बीपी वाढेल" म्हणून गप्प करू नका. जवळ बसा, पाठीवर हात ठेवा, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा. मोबाइल पुढे धरू नका, मनात ठेवा आणि नंतर वहीत लिहून काढा. लहान मुलं घाबरत असतील तर त्यांना सांगा, "आत्याआजी आबांच्या गोष्टी रडून सांगतेय."

आणि तिची ही एकच रीत आहे असंही धरून चालू नका. अकरा ऑगस्टला राखीपौर्णिमा होती. अण्णांचा नववा दिवस. आत्यानं राखी आधीच घेऊन ठेवली होती. त्या दिवशी ती एकदाही रडली नाही. दुपारभर भिंतीला टेकून चंची उघडून बसली. पान, सुपारीची खांडं, चुन्याची डबी, आणि कागदात गुंडाळलेली राखी. राखी काढायची, कागदाच्या घड्या बोटानं सरळ करायच्या, पुन्हा गुंडाळून चंचीत ठेवायची. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही. शेवटी वहिनीच जाऊन तिच्याजवळ बसली. दोघी काही बोलल्या नाहीत. ती राखी आजही आत्याच्या चंचीत आहे. कुणी म्हणालं, पाण्यात सोडून दे. मी म्हणते, राहू दे. गेलेल्या माणसाशी नातं तोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हा समज आता अभ्यासकही मानत नाहीत. नातं राहतं, फक्त रूप बदलतं.

जी गप्प असतात त्यांना

आई रडली नाही. गावातल्या बायका तिला रडवायला बघत होत्या, "रड गं बाई, नाहीतर आत कोंडेल." कोंडेलच असं नसतं. जिला रडू येत नाही तिला दोषी वाटायला लावू नका.

आईचं दुःख कशात होतं ते मला चौदाव्या दिवशी कळलं. अण्णांना हृदयाचा त्रास, दिवसाला सात गोळ्या. दर रविवारी सकाळी आई चष्मा लावून आठवड्याचा गोळ्यांचा डबा भरायची. सात वारांचे सात खण, प्रत्येकात सकाळ-संध्याकाळ. मी आवराआवर करताना उरलेल्या गोळ्या टाकून दिल्या आणि डबाही कचऱ्यात घातला. जुनं काही नजरेसमोर नको, या भावनेनं. संध्याकाळी आई कचऱ्याच्या बादलीपाशी वाकून डबा काढत होती. धुतला, पुसला, कपाटात ठेवला. पुढच्या रविवारी सकाळी बघते तर आई तो रिकामा डबा पुढ्यात घेऊन, चष्मा लावून बसलेली. प्रत्येक खणाचं झाकण उघडायची आणि बंद करायची. मला म्हणाली, "आता यावेळी काय करू गं मी?"

अनेक वर्षं आजाऱ्याची सेवा केलेल्या माणसाचं हे असं होतं. माणूस जातो आणि त्याच्याबरोबर दिवसाचं वेळापत्रकही जातं. अशा माणसाला "आता जरा आराम करा" म्हणणं म्हणजे रिकाम्या वेळेत ढकलून देणं. त्या ठराविक वेळेला त्याच्याजवळ जा. मी रविवारी सकाळी साडेआठला आईकडे जायला लागले. आम्ही आठवड्याची भाजी निवडायचो. बोलणं फारसं नसायचं. आणि वस्तू आवरायची घाई करू नका. कुजणारं, वास मारणारं तेवढं काढा. बाकी सगळं ज्याचं जास्त जवळचं त्याला विचारून, आणि त्यानं "राहू दे" म्हटलं तर राहू द्या. आईनं अण्णांचे शर्ट चौदा महिन्यांनी स्वतःहून काढून दिले, एक ठेवून.

बांगड्यांचंही सांगायला हवं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, सगळं. राज्य सरकारनंही त्याच महिन्यात बाकीच्या गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. मी पेपर वाचून तयारच होते. बायका आईजवळ आल्या तशी मी आडवी उभी राहिले, "कुणी हात लावायचा नाही!" तर आई मागून म्हणाली, "अगं, मला तर विचार." तिनं हिरव्या बांगड्या स्वतःच्या हातानं एकेक काढल्या, न फोडता, आणि रुमालात बांधून ठेवल्या. मंगळसूत्र ठेवलं. टिकली पंधरा दिवसांनी आपणहून लावायला लागली. ती प्रथा माणसाला दुःखाच्या वेळी आणखी अपमानित करते, ती जायलाच हवी, यात मला तिळमात्र शंका नाही. पण ती मोडायच्या घाईतही त्या बाईला बाजूला सारून तिच्या डोक्यावरून निर्णय घेऊ नका. आधी तिला विचारा, मग तिच्या बाजूनं ठाम उभ्या राहा.

विधी

ज्यांना हवेत त्यांना करू द्या, ज्यांना नकोत त्यांना ओढू नका. माझा भाऊ देवाधर्मातला नाही. दहाव्याला प्रीतिसंगमावर, जिथे कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन मिळतात, त्या घाटावर पिंड ठेवले. कावळे समोर झाडावर, पण शिवेनात. मग सुरू झालं. आत्या म्हणाली, "वहिनीला अंतर देणार न्हाई, दादा." मी म्हणाले, "आईला एकटं ठेवणार नाही." कावळा येईना. भाऊ इतका वेळ मागे उभा होता, तो पुढे आला आणि मोठ्यानं म्हणाला, "अण्णा, गाडी विकणार नाही." कावळा त्यालाही आला नाही. अर्ध्या तासानं भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. पण त्या अर्ध्या तासात आम्ही एकमेकांसमोर जे बोललो ते घरात बसून कधीच बोललो नसतो. म्हणून मी हल्ली विधींची टवाळी करत नाही. २०२१ मध्ये माझ्या वर्गातल्या दोन मुलांच्या घरी करोनानं माणूस गेलं, त्यांना चेहराही बघायला मिळाला नव्हता. अशा घरांनी दोन-तीन वर्षांनीही चार माणसं बोलावून, फोटो ठेवून, आठवणी सांगितल्या तर चालतं. त्याला उशीर झाला असं होत नाही.

मुलं

भाच्याला तेव्हा सहावं चालू होतं. सगळे त्याला सांगत होते, "आबा झोपलेत", "आबा देवाघरी गेलेत". तिसऱ्या रात्री तो झोपेना. झोपलं की आपणही परत उठणार नाही, असं त्याला वाटलं होतं. मग वहिनीनं त्याला सरळ सांगितलं: "आबा वारले. त्यांचं हृदय बंद पडलं. ते परत येणार नाहीत. आपण झोपतो तेव्हा आपलं हृदय चालू असतं." आणि त्याचा हात त्याच्याच छातीवर ठेवला. तो झोपला.

मूल दुःखात बुडी मारतं आणि लगेच बाहेर येऊन खेळायला पळतं. भाच्यानं सोफ्याच्या उश्यांची तिरडी करून टेडीला "नेलं", तेव्हा मोठ्यांनी डोळे वटारले. त्याला खेळू द्यायला हवं होतं. मुलांना असे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, तेच उत्तर पुन्हा पुन्हा द्यावं. शाळेला आधी कळवा. वर्गात एखादं मूल अचानक चिडकं झालं, गणितं चुकायला लागली, की आम्हा शिक्षकांना कारण माहीत असलेलं बरं.

ज्यांचं दुःख कुणी मोजत नाही

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्याच डेपोतले एक निवृत्त ड्रायव्हर, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, रोज दुपारी चारला आमच्या कट्ट्यावर येऊन अण्णांशी बोलत बसायचे. अण्णा गेल्यावरही तेराही दिवस ते चारला आले, दहा मिनिटं कट्ट्यावर बसले आणि गेले. मी त्यांना चहा देत होते आणि पाहुण्यांत गणत होते. घाटावर ते वरच्या पायरीवर लांब उभे होते. तेराव्यानंतर यायचे थांबले. महिन्याभरानं भाजी मंडईत भेटले तेव्हा म्हणाले, "आमच्यात तीन दिवसांच्या वर दुखवटा धरत नाहीत. नवरा गेला तर बायको चार महिने दहा दिवस धरते. पण दोस्ताचं किती दिवस, ते कुठं सांगितलंय बेटा?"

केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाबद्दल लिहिलं, ज्याला समाज मान्यताच देत नाही. मित्र, घटस्फोट झालेली बायको, पोटातच गेलेलं बाळ, वीस वर्षं घरकाम केलेली मावशी, ज्यांचं नातं कुणाला माहीत नव्हतं असं माणूस. यांच्याकडे कुणी भेटायला जात नाही. तुमच्या घरात कुणी गेलं असेल तर अशा एकाला तरी आठवणीनं फोन करा, आणि गेलेल्याची एखादी वस्तू द्या. आम्ही चाचांना अण्णांचा ड्युटीवरचा थर्मास दिला. चारला ते पुन्हा यायला लागले, आता आईशी बोलतात.

यादी हातात असलेली माणसं

ही मी. तेरा दिवस एकदाही खचले नाही, सगळे म्हणत होते किती खंबीर. एप्रिल २०२३ मध्ये शाळेतून एसटीनं परत येत होते. कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली. टण टण. चला. आणि मला तिथेच, खिडकीशी, हुंदका आवरेना. लहानपणी अण्णांच्या गाडीत पुढे बसले की त्या घंटीवर ते मागे न बघता गाडी काढायचे. आठ महिने मी ज्या घरात, ज्या फोटोसमोर कोरडी होते, ते सगळं त्या घंटीनं बाहेर काढलं. शेजारची अनोळखी बाई काही न विचारता माझा हात धरून बसली. तिनं केलं तेवढंच करायचं असतं.

घरात जो सगळं सांभाळतो त्याच्या नावानं कॅलेंडरवर खूण करून ठेवा: तीन महिने, सहा महिने, वर्ष. तेव्हा त्याला फोन करा.

भेटायला जाल तेव्हा

थोडा वेळ बसा. "वय झालं होतं", "सुटले बिचारे", "तू आता खंबीर राहायला हवंस" ही वाक्यं गिळा. काय बोलावं सुचलं नाही तर गेलेल्याबद्दल तुम्हाला आठवणारी एक खरी गोष्ट सांगा. "काही लागलं तर सांगा" यावर कुणी काही सांगत नाही. "गुरुवारचा संध्याकाळचा डबा माझा", "मुलांना शाळेत मी सोडते", असं ठरवूनच जा. आणि डबा पंधराव्या दिवसानंतर द्या, कारण तेव्हा पाहुणे गेलेले असतात आणि चूल पेटवायचं त्राण नसतं.

पहिला सण कठीण जातो. अण्णांच्या तेराव्यानंतर सोळाव्या दिवशी गणपती होते. आत्याचं म्हणणं, वर्षभर सण नाही. भाचा रडकुंडीला आलेला. आम्ही मूर्ती आणली नाही, पण भाचा रोज आरतीला शेजारी गेला. दोघांचं राहिलं.

डॉक्टरकडे कधी

दुःख हा आजार नाही. पण काही जणांचं ते गोठतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाची वेगळी नोंद आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ तीव्र ओढ किंवा वेदना दिवसभर पाठ सोडत नसेल, रोजचं जगणंच थांबलं असेल, तर तो सल्ला घेण्याचा काळ. जगण्यात अर्थ नाही, त्यांच्यामागे जावंसं वाटतं, असं कुणी बोललं, दारू वाढली, खाणं सुटलं, तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ ही सरकारची टेलीमानस, म्हणजे फोनवर मानसिक आधार देणारी सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आणि छातीत दुखलं, दम लागला तर "दुःखानं होतंय" म्हणून घरी बसू नका. धक्क्यानं हृदयाचा एक कप्पा फुग्यासारखा फुगतो, असा आजार जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये नोंदवला आहे, विशेषतः पन्नाशी उलटलेल्या बायकांमध्ये. तो बहुधा बरा होतो, पण दवाखान्यात जाऊन.

वर्षश्राद्धाच्या आधी आठवडाभर मी प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं, त्या दिवशी तुला काय करायचंय. आत्याला कावळ्याला पान वाढायचं होतं. भाच्याला आबांचा फोटो शाळेत न्यायचा होता. भावाला चेतक धुऊन कृष्णेपर्यंत एक फेरी मारायची होती, एकट्याला. आई म्हणाली, "मला पंढरपूरची गाडी पकडून दे. ते ज्या रूटवर होते त्या." मग पुढच्या रविवारी आम्ही दोघी कराड स्टँडवर गेलो. बायकांना आता अर्धं तिकीट असतं, पण तिनं अण्णांचा जुना पास पर्समध्ये घेतला होता. ती ड्रायव्हरच्या बरोबर मागच्या सीटवर बसली. कडेगाव, विटा, आटपाडी. प्रत्येक गाव यायच्या आधी ती त्याचं नाव सांगायची, आणि तिथे अण्णा चहा कुठे प्यायचे तेही. विट्याला गाडी थांबली तेव्हा तिनं खिडकीतून दोन चहा मागवले आणि एक पुढे ड्रायव्हरच्या हातात दिला.